बायर्न सोडून वॉटफर्ड? इरानकुंडा वर चाललाय का खाली, जाणकारांनी सांगा

रावेरचा_मामा

नमस्कार मंडळी. माझा भाचा १५ वर्षांचा, भुसावळला असतो, फुटबॉलमध्ये राइट विंगला (उजव्या कडेने पुढे) खेळतो, आणि त्याला सध्या एकच वेड आहे ते म्हणजे नेस्टरी इरानकुंडा. ऑस्ट्रेलियाचा पोरगा, जन्म फेब्रुवारी २००६ चा. आईबाप बुरुंडीतले, तिथल्या यादवीतून पळून टांझानियात किगोमाच्या निर्वासित छावणीत आले, तिथे हा जन्मला, आणि तान्हा असतानाच ऑस्ट्रेलियात आला. ॲडलेडला वाढला. (आपल्याला ॲडलेड म्हटलं की ३६ ऑल आउटच आठवतं, सोडा.) पंधराव्या वर्षी ॲडलेड युनायटेडच्या सीनियर टीमकडून खेळला, फ्री किक अशी मारतो की गोलकीपरला हात काढून घ्यावासा वाटेल. नोव्हेंबर २०२३ ला जर्मनीतल्या बलाढ्य बायर्न म्युनिक क्लबने घेतला, जुलै २०२४ ला तो जर्मनीला गेला. हे सगळं मला भाच्याने पाठ करून घेतलंय.

तर झालं असं की परवा शेतात भरीत पार्टी होती, सगळे नातेवाईक जमलेले, वांगी भाजून झालेली, आणि हा पठ्ठ्या माझ्या मोबाईलवर इंग्लंडच्या वॉटफर्ड क्लबची मॅच लावून बसला. मी सहज म्हटलं अरे तुझा हीरो बायर्नला होता ना मग हा वॉटफर्डला काय करतो, म्हणजे घसरलाच की, आपल्याकडे रणजी खेळणारा तालुक्याच्या टेनिस बॉल टुर्नामेंटला आल्यासारखं. झालं. पोरगा उठला, भरीत तसंच ठेवलं, माझ्याशी बोलेना. बहिणीने मलाच झापलं.

आता मला खरं सांगा, मी चुकलो का? बायर्नमधून वॉटफर्ड ही उतरती कळा नाही का? आणि वॉटफर्ड खेळते ती चॅम्पियनशिप चॅम्पियनशिप म्हणतात ती नेमकी काय भानगड आहे? दुसरं म्हणजे ऑस्ट्रेलियातलं पोरगं इंग्लंडला खेळायला जातं तर त्याला काय काय लागतं, कारण भाचा आता घरात तेच बोलतोय आणि दाजी मला विचारतायत.

---

भुसावळ_यार्ड

मामा तुम्ही चुकला, सरळ सांगतो. राग मानू नका.

चॅम्पियनशिप म्हणजे इंग्लंडच्या प्रीमियर लीगच्या लगेच खालची पायरी. वर प्रीमियर लीगच्या २० टीम, मग चॅम्पियनशिप, लीग वन, लीग टू, प्रत्येकी २४. अशा ९२ टीम. चॅम्पियनशिपमध्ये एका टीमला सीझनला ४६ मॅच खेळाव्या लागतात, वरून कप वेगळे, डिसेंबरात तर शनिवार-मंगळवार-शनिवार असा रगाडा असतो. पहिल्या दोन टीम डायरेक्ट वर, त्यांच्या मागच्या काही टीममध्ये प्लेऑफ होऊन अजून एक वर. तालुक्याची टुर्नामेंट म्हणता काय, तिथे स्टेडियमला वीस-वीस हजार लोक येतात.

आता बायर्नचं ऐका. हा गेला तेव्हा विंगला तिथे कोण होतं? ओलिसे, साने, कोमान, ग्नाब्री. चार-चार माणसं रांगेत. अठरा वर्षांच्या पोराला कोण उभं करणार तिथे? म्हणून तो खेळला कुठे तर बायर्नच्या दुसऱ्या टीमकडून, आणि ती टीम खेळते रेगिओनाललीगात, म्हणजे जर्मनीतली चौथी पायरी. शर्टवर बायर्नचा बिल्ला, पण ग्राउंड चौथ्या डिव्हिजनचं. मग जानेवारी २०२५ मध्ये स्वित्झर्लंडला झुरिकच्या ग्रासहॉपर्सला लोनवर (म्हणजे उसना) सहा महिने, आणि जुलैत वॉटफर्डने कायमचा घेतला.

आता तुम्हीच हिशेब लावा, जर्मनीतल्या चौथ्या पायरीवरून इंग्लंडच्या दुसऱ्या पायरीवर आला. वर गेला का खाली? नाव बघू नका, पोरगं शनिवारी मैदानात आहे का बेंचवर आहे ते बघा. सुपर एक्सप्रेसमध्ये दारात लटकून जाण्यापेक्षा पॅसेंजरमध्ये खिडकीची सीट बरी, आम्ही भुसावळवाले हे लहानपणीच शिकतो.

---

अमळनेरकर_साने

यार्ड भाऊंच्या बोलण्याला जोडून एक उदाहरण देतो, भाच्याला हे नक्की सांगा मामा. गरांग कुओल. हे नाव ऐकलंय का? हापण ऑस्ट्रेलियाचाच, घरचे दक्षिण सुदानचे, जन्म इजिप्तमध्ये २००४ चा, वाढला व्हिक्टोरिया राज्यात शेपर्टनला, जे फळबागांचं गाव आहे म्हणे, म्हणजे समजा त्यांचं रावेरच. सेंट्रल कोस्ट मरिनर्सकडून शेवटची वीस-पंचवीस मिनिटं यायचा आणि धिंगाणा घालून जायचा. अठरा पूर्ण झाली आणि त्याच महिन्यात इंग्लंडच्या न्यूकॅसलने साइन केला, ऑस्ट्रेलियाकडून पहिली मॅच झाली, आणि दोन महिन्यांत डायरेक्ट कतारचा वर्ल्ड कप.

३ डिसेंबर २०२२, अर्जेंटिनाविरुद्ध नॉकआउट. मी ती मॅच रात्री एक वाजता जागून बघितलीय. मेस्सीचा गोल, अल्वारेझचा गोल, मग ऑस्ट्रेलियाच्या गुडविनचा शॉट अर्जेंटिनाच्याच एन्झोला लागून आत गेला आणि २-१ झालं, आणि अगदी शेवटच्या मिनिटाला बॉल कुओलकडे, पाठ गोलकडे, वळून मारला आणि त्यांचा गोलकीपर एमी मार्टिनेझने अंगावर घेऊन अडवला. तो गेला असता ना तर एक्स्ट्रा टाइम होता आणि कदाचित मेस्सीचा कप तिथेच संपला होता. पेलेनंतर वर्ल्ड कपच्या नॉकआउटमध्ये उतरलेला सगळ्यात लहान खेळाडू होता तो. आख्ख्या जगाने नाव ऐकलं.

आणि मग? न्यूकॅसलला गेला आणि लगेच लोनवर स्कॉटलंडला हार्ट्सकडे, मग लोनवर हॉलंडला फोलेंडामकडे, ती टीम त्या वर्षी खालीच गेली, मग परत येऊन न्यूकॅसलच्या अंडर-२१ मध्ये. त्यात न्यूकॅसल तेव्हा सौदीच्या पैशांवर चँपियन्स लीगला पोचलेली, प्रत्येक जागेसाठी पन्नास-साठ मिलियनचा माणूस. शेवटी २०२५ च्या उन्हाळ्यात चेकियाला स्पार्टा प्रागला गेला. न्यूकॅसलच्या मेन टीमकडून एकही लीग मॅच नाही. एकही. पोरगा वाईट आहे का? अजिबात नाही. पण अठरा ते एकवीस ही जी तीन वर्षं असतात ना, ज्यात रोज मार खाऊन शिकायचं असतं, ती तीन वर्षं बॅगा भरण्यात गेली.

म्हणून मला वाटतं इरानकुंडाने (किंवा त्याच्या घरच्यांनी, एजंटने, कोणी असेल ते) बायर्नवर एका वर्षात पाणी सोडलं हे फार शहाणपणाचं केलं. एवढं मोठं नाव सोडायला छाती लागते. आपल्याकडे पोरगं मोठ्या क्लबात लागलं की गावात बॅनर लागतो, मग तिथे बसून गंजला तरी घरचे परत येऊ देत नाहीत, लोक काय म्हणतील.

---

धुळ्याचा_भो

काय भो मामा, इतलं टेन्शन कसाले लेस. पोऱ्याले खेयू दे.

बाकी वॉटफर्डचं एक कोणी सांगत नाहीये, ती टीम कोच कसे बदलते माहितीय का? आपण मोबाईलचं कव्हर बदलतो तसं. २०२५-२६ चा सीझन ऑगस्टला सुरू झाला पेझोलानोला घेऊन, ऑक्टोबरमध्ये त्याला घरी पाठवला आणि खावी ग्रासियाला आणला, ज्याला यांनीच २०१९ मध्ये काढलेला. म्हणजे इरानकुंडाने एका कोचला समजून घेईपर्यंत दुसरा हजर. जवान पोरासाठी ही भारी जागा आहे असं मला तरी वाटत नाही. नवीन कोच आला की पहिला बळी कोण, तर जो मागे धावून डिफेन्स करत नाही तो विंगर. आणि हा गडी पुढे वाघ, मागे आळशी, जेवढ्या मॅच मी बघितल्या त्यावरून सांगतोय.

---

चाळीसगाव_टू_युस्टन

मी वॉटफर्डच्या जवळच राहतो, नोकरीनिमित्त चार वर्षं झाली, त्यामुळे लिहायला हात शिवशिवतायत. त्यांचं ग्राउंड व्हिकरेज रोड म्हणजे काही मँचेस्टर युनायटेडचं ओल्ड ट्रॅफर्ड नाही. बाजूलाच मोठं हॉस्पिटल आहे, गल्लीबोळातून चालत जायचं, पिवळे-काळे मफलर, थंडी अशी की हातातला चहा दोन मिनिटांत बर्फ. माझ्या मागच्या रांगेत एक म्हातारा बसतो, तो आख्खी मॅच शिव्या देतो, पण इरानकुंडाकडे बॉल आला की गप्प होतो आणि उभा राहतो. बॉल गेला की बसतो आणि परत शिव्या सुरू. धुळ्याच्या भोंचं खरं आहे, मागे येत नाही म्हणून त्या म्हाताऱ्याने त्यालापण सोडलेलं नाही, पण एकोणीस वर्षांच्या पोराला जे शिकवता येत नाही ते त्याच्याकडे आहे, जे शिकवता येतं ते कमी आहे. उलटं असतं तर प्रॉब्लेम होता.

आता तिकडे खेळायच्या परमिटचं सांगतो, कारण मामांनी विचारलं आणि यावर लोकांच्या फार गैरसमजुती आहेत. पहिली गोष्ट, अठराच्या आत परदेशातलं पोरगं उचलून नेता येत नाही, फिफाचा नियम आहे. आईबाप स्वतःच्या नोकरीधंद्यासाठी तिकडे गेले तर वेगळं. म्हणून बायर्नने करार २०२३ ला जाहीर केला पण पोरगा अठरा पूर्ण झाल्यावरच गेला. त्यामुळे कोणी तुमच्या पंधरा वर्षांच्या भाच्याला 'इंग्लंडच्या क्लबात साइन करून देतो' म्हणत असेल तर त्याला चहा पाजा आणि दार दाखवा.

दुसरी गोष्ट, इंग्लंडला खेळायला तिथल्या असोसिएशनची मान्यता लागते आणि ती पॉइंटवर मिळते. २०२१ पासून ब्रेक्झिटनंतर युरोपवाल्यांनाही तेच. तुमचा देश रँकिंगमध्ये कुठे, देशाकडून किती मॅच खेळला, कोणत्या लीगमध्ये किती मिनिटं खेळला, क्लब कुठल्या नंबरवर आला, असे धरून १५ पॉइंट जमवायचे. २०२३ पासून थोडी ढील दिलीय, पॉइंट कमी पडले तरी क्लबला ठरावीक जागांवर असे होतकरू खेळाडू घेता येतात, त्यामुळे ऑस्ट्रेलियाची बरीच पोरं यायला लागली, पोर्ट्समथने तर ढीगच लावलाय त्यांचा.

आणि आजीआजोबा किंवा बाप ब्रिटिश असेल तर मग प्रश्नच मिटला. याची भारी गोष्ट आहे. १९९५ च्या सुमाराला सिडनीची दोन पोरं लीड्सला ट्रायलला आली, हॅरी क्यूएल आणि ब्रेट इमर्टन. दोघेही आवडले. क्यूएलचा बाप मूळचा इंग्लिश, तो राहिला, पुढे लीड्सचा स्टार, लिव्हरपूलकडून चँपियन्स लीग. इमर्टनकडे कागद नव्हता, तो विमानात बसून परत. तो २००३ मध्ये हॉलंडमार्गे ब्लॅकबर्नला पोचला, म्हणजे आठ वर्षं जास्त. पाय दोघांचे सारखेच, फरक पासपोर्टचा.

आपलं तर काय बोलायचं. सुनील छेत्रीला २००९ मध्ये क्वीन्स पार्क रेंजर्सने घ्यायचं ठरवलं होतं, परमिट नाकारलं, कारण तेव्हाच्या नियमात देश पहिल्या सत्तरात पाहिजे होता आणि आपण कुठे होतो ते लिहीत नाही. पोरगा कितीही भारी असला तरी देश खाली असला की पोरगा खाली. ऑस्ट्रेलिया २००६ मध्ये आशियात आली, तेव्हापासून जपान-कोरियाशी खेळून खेळून वर राहिली. आपणही आशियातच आहोत म्हणा. जानेवारी २०२४ ला आशिया कपमध्ये कतारला त्यांच्याशी आपली मॅच झाली होती, हाफटाइमपर्यंत ०-० रोखलं होतं, मग २-० ने गेलो.

---

रिटायर्ड_लोको_७१

मी फोरमवर फार लिहीत नाही, नातू टाइप करून देतो आहे.

भुसावळचा विषय निघाला म्हणून. आमच्या लहानपणी रेल्वे कॉलनीत अँग्लो-इंडियन कुटुंबं भरपूर होती. ड्रायव्हर, गार्ड, फोरमन. संध्याकाळी ड्युटी उतरली की रेल्वे ग्राउंडवर फुटबॉल आणि हॉकी, आणि आम्ही पोरं बाउंड्रीबाहेर गेलेला बॉल आणून द्यायचो, तेवढ्यासाठी भांडणं व्हायची. मग एकेक कुटुंब निघून गेलं. कोणी इंग्लंड, बहुतेक ऑस्ट्रेलिया, पर्थ.

आता हे मी का सांगतो आहे, तर तुम्ही सगळे इरानकुंडा, कुओल करताय, रायन विल्यम्सचं नाव कोणी घेतलं नाही. तोही ऑस्ट्रेलियाचाच, पर्थला १९९३ चा जन्म, आणि आई मुंबईतल्या अँग्लो-इंडियन घरातली. आईचे वडील संतोष ट्रॉफीत बॉम्बेकडून खेळलेले. हा पोरगा सोळा-सतराचा असताना पोर्ट्समथला गेला, २०११ मध्ये चॅम्पियनशिपमध्ये खेळला, तेव्हा त्याच्याबद्दल हेच सगळं बोललं जायचं जे आज या पोराबद्दल बोलता. मग फुलहॅमने घेतला. तिथे बस्तान बसलं नाही. लोनवर इकडे तिकडे, मग बार्न्सली, रॉदरहॅम, परत पोर्ट्समथ, ऑक्सफर्ड. दुसरी पायरी, तिसरी पायरी. ऑस्ट्रेलियाकडून २०१९ मध्ये कोरियाविरुद्ध एक मॅच मिळाली, तीही फ्रेंडली. मग पर्थ, मग २०२३ पासून बेंगळुरू, आणि आता २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये ऑस्ट्रेलियाचा पासपोर्ट सोडून तो भारतीय झाला. ती एकच मॅच फ्रेंडली होती म्हणूनच नियमात बसलं, स्पर्धेची मॅच असती तर दार बंद होतं.

लोक म्हणतील प्रीमियर लीग नाही खेळला. अहो, दहा वर्षं इंग्लंडात फुटबॉल खेळून पगार घेतला माणसाने. आमच्या वेळेला कोणी सांगितलं असतं की फुटबॉलवर घर चालतं तर आम्ही त्याला वेड्यात काढलं असतं, रेल्वेची नोकरी लागावी म्हणूनच फुटबॉल खेळायचो आम्ही.

बायचुंग भूतिया १९९९ मध्ये बरी नावाच्या क्लबात गेला होता तेव्हा पेपरात फोटो आला होता, तो मी कापून ठेवला होता. तो क्लबसुद्धा पुढे २०१९ मध्ये लीगमधून काढून टाकला, पैसे बुडवले म्हणून. क्लबचं काही खरं नसतं.

---

पीटी_मॅडम_नंदुरबार

काका सुंदर लिहिलंत.

मी शाळेत पीटी घेते म्हणून मला वेगळीच काळजी वाटते. सगळे पोरांचंच बोलताय तर मुलींचंही एक सांगते, मेरी फाउलर, ऑस्ट्रेलियातल्या केर्न्सची, २००३ चा जन्म, २०२२ मध्ये मँचेस्टर सिटीत गेली. एप्रिल २०२५ मध्ये कपच्या सेमीफायनलमध्ये गुडघ्याचं एसीएल (आतलं लिगामेंट) गेलं आणि मग महिनोनमहिने मैदान बंद. ऑस्ट्रेलियाच्या टीममधली तिची कॅप्टन सॅम कर तेव्हा चेल्सीत, तिचंही जानेवारी २०२४ मध्ये एसीएल गेलं, परत उतरली थेट सप्टेंबर २०२५ मध्ये. वीस महिने! त्यांच्याकडे डॉक्टर, फिजिओ, जिम सगळं असताना. आपली पोरं एप्रिलमध्ये पंचेचाळीस डिग्रीत दगडासारख्या ग्राउंडवर फाटक्या बुटात स्प्रिंट मारतात आणि गुडघा दुखला की आई हळद लावते.

मामा, भाच्याला बूट चांगले घेऊन द्या आणि उन्हाळ्यात सकाळी साडेसहालाच खेळायला सांगा. मांडीचे व्यायाम करतो का विचारा. इरानकुंडासारखी किक सगळ्यांना पाहिजे, ती किक मांडीतून येते हे कोणाला नको.

---

धुळ्याचा_भो

मॅडम एक नंबर. आमच्या सरांनी आम्हाला फक्त ग्राउंडला पाच राउंड मारायला लावले, बस झाली पीटी.

---

रावेरचा_मामा

एवढं सगळं येईल असं वाटलं नव्हतं, सगळ्यांचे आभार.

एक गोष्ट आधी लिहिली नव्हती ती आता लिहितो. चाळीसगाववाल्या भाऊंनी चहा पाजून दार दाखवा म्हटलं ना, ते वाचून दाजी गपगार झाले. कारण मागच्या वर्षी एका ॲकॅडमीवाल्यांनी, नाव लिहीत नाही, इथे येऊन ट्रायल घेतली, पोराची तारीफ केली, 'युरोप पाथवे' असं काहीतरी छापलेलं रंगीत कागद दिलं आणि केळीच्या एका कटाईचे पैसे जातील एवढी फी मागितली. दाजींनी अर्धी भरलीसुद्धा. पुढे दोन महिने व्हॉट्सॲपवर फोटो येत राहिले, कोच बदलला, मग ग्रुपच बंद. भाचा परत भुसावळला आला आणि तेव्हापासून जास्तच गप्प झाला होता. इरानकुंडाचं वेड त्यानंतरच लागलं हे मला आज लक्षात येतंय. मी त्याला भरीत पार्टीत 'घसरला' म्हटलं ते त्याला कुठे लागलं असेल ते आता कळलं.

त्याला आख्खा थ्रेड वाचायला दिला. कुओलचा भाग दोनदा वाचला. म्हणाला मामा त्याने तो शॉट डाव्या पायाने नीट मारायला पाहिजे होता. मी म्हटलं बाबा समोर मार्टिनेझ होता. तर म्हणे म्हणूनच.

२०२६ च्या जूनमध्ये वर्ल्ड कप आहे, ऑस्ट्रेलिया अमेरिका आणि पॅराग्वेच्या ग्रुपमध्ये आहे, इरानकुंडा टीममध्ये असेल का नाही यावर त्याची आणि त्याच्या मित्राची पैज लागलीय. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये कॅनडात जाऊन १-० ने जिंकले आणि तो गोल याचाच, त्यामुळे मित्र हरणार असं मलाही वाटतंय.

यार्ड भाऊ, तुमचं ते पॅसेंजरच्या खिडकीचं दाजींनी सोसायटीच्या ग्रुपवर स्वतःचं म्हणून टाकलं.

---

भुसावळ_यार्ड

टाकू द्या, पण त्यांना सांगा आता पॅसेंजर राहिली नाही, मेमू झाली आणि तिच्यातही खिडकी मिळत नाही.

मामा, बुटाचं मनावर घ्या. नंबर काय त्याचा? माझ्या पोराचे एक जोडी स्टड पडून आहेत, आठ नंबर, चार-पाच वेळाच घातलेत, आता तो बारावीला आहे आणि घरात बॉल बंद आहे. रविवारी स्टेशनला या, देतो.

---

रावेरचा_मामा

सात आहे पण मोजे जाड घालीन म्हणतोय. रविवारी येतो. वाणाची वांगी आणू का?

---

भुसावळ_यार्ड

विचारता काय.